पडक्या घरातली घागर

बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागली आहे. तिचं खोटं नाही. फौजेतून परतलेला माणूस निदान पेपर तरी बसून वाचतो, मी तोही चालत वाचतो. ती अकोल्यात शाळेत शिकवते म्हणून आमचं बिऱ्हाड इथं. ती शाळेत गेली की मी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझारा घालतो, त्याचा कंटाळा आला की चप्पल सरकवतो आणि मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात जातो. तिथं फौजेतल्या माझ्याच कंपनीतल्या एका ड्रायव्हरचं वेल्डिंगचं दुकान आहे. तोही माझ्यासारखाच निवृत्त, पण गडी स्वस्थ आहे. तो खिडकीचं ग्रिल जोडत बसतो आणि मी समोरच्या बाकावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मग तो डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवून म्हणतो, "भाऊ, एक तं बसा, नाई तं जा." मला राग येतो. पण दुसऱ्या कुणाकडे जाण्यात अर्थ नसतो, कारण फौजेत असताना परदेशातलं ते शहर त्यानं आणि मी मिळून पाहिलं आहे.

अमरावतीला डॉक्टरकडेही जाऊन झालं. त्यानं विचारलं, तिकडं काही भयंकर पाहिलं का. पाहिलं, पण ते मी कधीच गाठोडं बांधून माळ्यावर टाकून दिलंय. मला बसू देत नाही ती गोष्ट अगदी साधी आहे. ती सांगितली की लोक म्हणतात, एवढंच? डॉक्टरही तसंच म्हणेल असं वाटलं, म्हणून त्याला सांगितलीच नाही आणि झोपेच्या गोळ्या घेऊन परत आलो.

त्या देशाचं नाव लिहीत नाही. इथं कुणाला सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिथं सोनं स्वस्त मिळतं का. देशोदेशीच्या फौजा मिळून शांतता राखायला निळी टोपी घालून जातात, तशी आमची पलटण गेली होती. त्या देशातली माणसं आपसात लढत होती आणि लढून लढून थकली होती. शेवटी करार झाला. करार झाला म्हणजे काय, तर ज्यांनी शहर जाळलं ते एकमेकांच्या हातात हात घालून राजधानीत राहायला गेले आणि जळलेल्या शहराची राखण आमच्याकडे आली.

मोठ्या नदीच्या काठचं शहर होतं ते. जाण्यापूर्वी मला वाटायचं, लढाईत शहर पडतं म्हणजे भिंती पडतात. भिंती बऱ्यापैकी उभ्या होत्या. बाकी सगळं सोलून नेलं होतं. छपरांची टिनं, दारं, खिडक्यांच्या चौकटी, खांबांवरच्या तारा, दवाखान्यातल्या नळाच्या तोट्यासुद्धा. बाजाराच्या मधोमध, रस्त्यात, कुठल्यातरी बँकेच्या तिजोरीचा जाड दरवाजा पडला होता, तेवढा कुणाला उचलवला नसावा. मोठ्या रस्त्यावर गुडघाभर गवत होतं. कुत्री मात्र चांगली धष्टपुष्ट होती. पहिल्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, कुत्री बरी आहेत बाप्पा इथली. थोड्या वेळानं ती बरी का आहेत ते आम्हा दोघांनाही कळलं आणि पुढं आम्ही कुत्र्यांकडे पाहणंच सोडलं.

आणि त्या शहरात आंब्याची झाडं होती. गल्लोगल्ली. आम्ही गेलो तेव्हा मोहोर होता, पुढं झाडं लदलदली, आणि आंबे पिकून रस्त्यावर पडायला लागले. उचलायला माणूस नाही. वऱ्हाडातल्या माणसाला दुसरं काहीही पाहवेल, पण वाया चाललेला आंबा पाहवत नाही. माती तर आपलीच होती, काळी, उन्हात भेगाळणारी, ओली झाली की बुटाला सोडत नाही अशी. नांदगाव खंडेश्वरकडचं माझं रान आणि तो रस्ता, मातीनं काही फरक ठेवला नव्हता. याचा आनंद व्हायला हवा होता. मला उलट चीड येत होती, इतक्या लांब येऊन हीच माती तुडवायची होती तर गावाला काय वाईट होतं.

काम सोपं होतं. नदीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं, तिथून टँकर भरायचा आणि शहराबाहेरच्या छावणीत न्यायचा. लढाईतून वाचलेली माणसं त्या छावणीत ताडपत्रीखाली राहत होती. टँकर ड्रायव्हर चालवायचा आणि सोबतीच्या जवानांचा हवालदार मी. आमची चौकी बाजारामागच्या एका गल्लीत होती. शहरात दिवसा तुरळक माणसं यायची, आपापली घरं लांबून पाहायची आणि अंधार पडायच्या आत छावणीत परतायची. करार झाला तरी बंदुका घेतलेली टोळकी फिरतच होती, त्यांना कराराचं कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

तिथं असतानाच माझा बाप गेला. त्या आठवड्यात विमानतळाजवळ गोळीबार चालू होता आणि विमानं बंद होती. मला घरी जाता आलं नाही. धाकट्या भावानं अग्नी दिला. मी फोनवर माझ्या आईचं रडणं ऐकलं, मध्येच फोन कटला, आणि मी बूट घालून टँकरवर गेलो कारण छावणीत पाणी जायचं होतं.

काही महिन्यांनी आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी मातीची घागर आणून गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी भरतात. वर झाकण, झाकणावर आंबा, समोर पुरणाचं आणि रसाचं पान. हे पितरांना दिल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. आणि माणूस गेल्यावरची पहिली घागर थोरल्या मुलानंच भरायची. मी आईला म्हटलं, तिकडं भाऊ भरेल. ती म्हणाली, "लायन्यानं अग्नी देल्ला, थे झालं. घागर थोरल्यानंच भरा लागते. जिथं असशीन तिथं भर."

घागर मिळाली. नदीकाठी दोनचार बायका पुन्हा मडकी विकायला बसू लागल्या होत्या. आंब्यांना तर तोटा नव्हता. अडचण होती ती जागेची. घागर घरात, उंबरठ्याच्या आत ठेवतात, आणि चौकीला उंबरठा कुठला, सगळी वाळूची पोती. सुभेदारसाहेब म्हणाले, इथं दारात काही मांडू नका, लोकांना जादूटोणा वाटेल. चौकीसमोर एक घर होतं. छप्पर नव्हतं, दार नव्हतं, पण चौकटीची एक बाजू आणि खालचं लाकूड, म्हणजे उंबरठा, जागेवर होतं. मी आत शिरून झाडून घेतलं, वाळूचा ढीग करून त्यावर घागर मांडली, पाणी भरलं, आंबा ठेवला आणि बापाला म्हटलं, इथवर यावं लागलं तुला, माझा नाइलाज आहे. मग रडलो. घागर दुसऱ्या दिवशी हलवायची असते म्हणून तिथंच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात एक बाई बसली होती. माझ्या आईच्या वयाची असेल. घागरीला हात लावून बसली होती, आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की मला भीतीच वाटली. आमच्या दुभाष्याला बोलावलं. तो लढाईआधी तिथल्या शाळेत मास्तर होता, इंग्रजी धरून तीन भाषा बोलायचा आणि कशातच हसायचा नाही. त्यानं तिचं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे घर तिचं आहे. शहर पडलं त्या दिवशी पळापळीत तिचा तरणाताठा मुलगा हरवला. पळताना तिनं त्याला सांगितलं होतं, चुकामूक झाली तर घरी ये, मी घरीच असेन. छावणीतून ती रोज येऊन घर पाहून जाते. आज घरात भरलेलं मडकं दिसलं. ओस घरात कुणी पाणी भरत नाही. म्हणजे मुलगा आला आहे, आसपास कुठं गेला असेल, येईलच.

मी मास्तरला म्हटलं, तिला खरं काय ते सांग. तो म्हणाला, तुझं मडकं आहे, तूच सांग, मी फक्त शब्द पोचवतो. मग मी सांगितलं. हे मी ठेवलंय, माझ्या वडिलांसाठी, ते वारले. तिनं विचारलं, इथं वारले का? म्हटलं, नाही, समुद्रापलीकडं, माझ्या गावी. तिनं विचारलं, तू पाहिलंस? म्हटलं, नाही, मला जाता आलं नाही, आईनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं ते मला दिसत होतं आणि मी तिथून पळूनही जाऊ शकत नव्हतो. मग ती सावकाश काहीतरी बोलली आणि मास्तरनं ते पोचवलं.

"तुझ्या आईनं पाहिलं म्हणून तू पाणी ठेवलंस. माझा मुलगा गेलेला कुणी पाहिला नाही. पाहणारा कुणी आला तर मीही मेल्याचं पाणी ठेवीन. तोवर मी इथंच आहे."

आणि ती खरंच तिथं राहू लागली. छावणीतून एक चटई आणली आणि त्या बिनछपराच्या घरात पसरली. अंधार पडला की आमचा जीव वरखाली. सुभेदारसाहेबांनी माझ्यावर डोळे वटारले, कारण मी तिथं मडकं मांडलं नसतं तर ती राहिली नसती असं त्यांचं म्हणणं. त्यात कळलं की नदीच्या वरच्या अंगाला, बोटीनं कितीतरी लांब, तिची मुलगी राहते, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलंय आणि सोबतीला कुणी नाही. पाऊस लागायच्या आत मदतवाल्यांची एक शेवटची बोट तिकडं जाणार होती. तिची जागा ठेवली होती. ती जायला तयार नव्हती. तिकडं मुलगी अडलेली, इकडं मुलगा हरवलेला, आणि मध्ये ती घागर धरून बसलेली. मला तिची इतकी चीड यायची, आणि टँकरवरून जाताना ती दिसली नाही तर मी टँकर थांबवायला लावायचो.

बोटीच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्याकडे आला. म्हणाला, बाई जाईल, पण तिची एक अट आहे. घरात रोज पाणी भरलेलं पाहिजे. मुलगा आला आणि घर ओस दिसलं तर तो समजेल आपलं कुणी उरलं नाही, आणि निघून जाईल. पाणी दिसलं तर थांबेल, समोरच्या चौकीत विचारेल. मग तुम्ही त्याला सांगायचं, आई बहिणीकडे गेली आहे. मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हे मास्तरला पोचवता आलं नाही, पण माझं तोंड पाहून त्याला कळलं असावं. ड्रायव्हर टँकरखाली काहीतरी खटपट करत पडला होता, तो तिथूनच म्हणाला की पाण्याचा टँकर घेऊन फिरणाऱ्या माणसानं एका घागरीला नाही म्हणायचं म्हणजे लाज आहे. झालं. मी हो म्हटलं. मास्तरनं मला ते एक वाक्य त्यांच्या भाषेत शिकवलं, तुझी आई बहिणीकडे गेली आहे, वर जाणाऱ्या बोटीत बस. बाईनं ते माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. माझे उच्चार तिला पसंत पडेनात. शेवटी पसंत पडले तेव्हा तिनं तिच्या मुलाचं नाव सांगितलं, तेही माझ्याकडून म्हणून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बोटीत बसली. मागं वळून तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, घराच्या दिशेनं पाहत होती.

घागर रोज भरणं काही अवघड नव्हतं. पण माझ्या मनाला ते टोचायला लागलं. मेल्या माणसाच्या नावानं आणलेल्या घागरीत मी एका जिवंत पोरासाठी पाणी भरत होतो. आमच्याकडे हे कुणी केलं असतं तर म्हाताऱ्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं. पोर कुठंतरी जिवंत असेल आणि माझ्या या पाण्यानं त्याचं काही वाईट झालं तर? ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, पाण्याला काय समजतंय जिता कोण अन् मेला कोण, आमच्यात मोहरमात रस्त्यावर पाणी ठेवतात, पिणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. मला पटलं, पण टोचायचं थांबलं नाही. शेवटी आईला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, ती भडकेल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, बापाची घागर नदीत सोड आणि पोरासाठी दुसरी आण, एवढंही समजत नाही का तुला. मी तसंच केलं आणि मग मला जरा बरं वाटलं.

नवी घागर मी रोज सकाळी भरायचो. वर मातीचं झाकण आणि झाकणावर स्टीलचा ग्लास उपडा. तिथं कुणी येत नव्हतं. घागर पाझरायची, थोडं पाणी कमी व्हायचं, तेवढं मी वर घालायचो. पाऊस सुरू झाला तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात ताडपत्री बांधून घागर तिच्याखाली सरकवली. जवान मला हसायचे. पुढं पुढं तेच विचारायला लागले, आज पाणी किती उतरलं. कधीच काही खास उतरलेलं नसायचं. मला वाटायचं, मुलगा नदीतच गेला असणार, त्या दिवशी पुष्कळ माणसं नदीत गेली होती. तरी शब्द दिला होता, म्हणून भरत राहिलो.

मग आमची मुदत संपली. आमच्या जागी दुसऱ्या देशाची पलटण आली. चौकी ताब्यात देताना मी त्यांच्या हवालदाराला त्या घरात नेऊन घागर दाखवली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं समजावलं. तो हो म्हणाला. पण जनरेटरबद्दल त्यानं जेवढे प्रश्न विचारले त्यातला एकही घागरीबद्दल विचारला नाही, तेव्हाच मला काय ते कळलं. मास्तर म्हणाला, मी लक्ष ठेवीन. त्याला स्वतःलाही राजधानीत जायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी आमचं सामान गाडीत चढलं होतं. ड्रायव्हरला घेऊन मी शेवटची घागर भरायला गेलो. कॅन टेकवून झाकण काढायला लागलो तर आवाज वेगळा आला. घागर रिकामी होती. तळाला थेंब नव्हता. आदल्या सकाळी मी तिला गळ्यापर्यंत भरली होती. कुठं तडा नव्हता, खालची वाळू ओली नव्हती. आम्ही आलो तेव्हा झाकण जागेवर होतं आणि झाकणावर ग्लास उपडा होता, मी ठेवायचो तसाच. मी म्हटलं, कुणीतरी तहानलेला येऊन गेला असेल. ड्रायव्हर उकिडवा बसून घागरीकडे पाहत होता. या शहरातून लोकांनी नळाच्या तोट्या नेल्या होत्या हे त्यालाही आठवलं असणार.

"बाहेरचा असता तं मडकं अन् ग्लास घेऊन गेला असता," तो म्हणाला. "झाकन घरचा मानूसच ठेवते, भाऊ."

मी बाहेर गल्लीत आलो आणि त्या मुलाच्या नावानं हाक मारली. मग ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. तुझी आई बहिणीकडे गेली आहे, वर जाणाऱ्या बोटीत बस. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथंही म्हटलं. बाजाराच्या बाजूला गेलो. एका पडक्या दुकानामागं काही हललं असं वाटून तिकडं पळालो, तर ती शेळी होती. मला न समजणाऱ्या भाषेतलं एक वाक्य ओरडत मी ओस गल्ल्यांमधून पळत होतो आणि मागून आमच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. सुभेदारसाहेबांनी शेवटी दोन जवान मला आणायला पाठवले. ड्रायव्हरनं तेवढ्यात घागर भरून ठेवली होती. आम्ही विमानात बसलो.

तो चौकीत का आला नाही, याची उत्तरं मी हजारदा दिली आहेत. वर्दी पाहून घाबरला असेल. वर्दीनंच त्याचं शहर जाळलं होतं. किंवा थांबला असेल कुठंतरी, आई पाणी भरून बाहेर गेली आहे असं समजून. किंवा तो नसेलही, दुसरंच कुणीतरी नीट वळणाचं माणूस असेल. मास्तरला इथून फोन लावला. सुरुवातीला एकदा लागला तेव्हा तो म्हणाला, नवी पलटण चौकी हलवून नदीकडे घेऊन गेली आहे. वर बोटीनं बाईला निरोप धाडायचा प्रयत्न करतो असंही म्हणाला. मग तिकडं पुन्हा गोळीबार सुरू झाल्याचं ऐकलं आणि त्याचा फोन बंद झाला. मुलीकडे गेलेल्या बाईजवळ फोन नव्हताच.

परत आल्यावर सुरुवातीला मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला माहीतच होतं, आणि बायकोला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. एकदा गावी गेलो असताना आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनंच विषय काढला, त्या पोराच्या घागरीचं पुढं काय झालं म्हणून. मी सगळं सांगितलं. रिकामी घागर, झाकण, ड्रायव्हर काय म्हणाला ते, मी गल्ल्यांमधून ओरडत कसा पळालो ते. मला वाटलं, ती आता विचारेल की तो मुलगाच होता का. माझ्याजवळ त्याची उत्तरं तयार होती.

तिनं ते विचारलंच नाही. तिचे हात थांबले होते.

"मंग त्या बाईले कोनं सांगतलं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणीच नाही, माय. तिला अजून माहीत नाही.